प्रेमात पडल्यावर गोळी बंद करायची नसते

वाचक विचारतात

पहिलं प्रेम आणि डिप्रेशन या दोन्हींभोवती फिरणाऱ्या तरुणांच्या कादंबऱ्यांबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत लिहिणाऱ्यांची संख्या वाचणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडक्यात मांडून घेतले आहेत. उत्तरं कादंबरी संपादित करणाऱ्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: माझ्या कादंबरीतली मृण्मयी एकोणीस वर्षांची, एसवायबीएला आहे. तिला डिप्रेशन आहे. वर्गातला एक मुलगा तिच्या आयुष्यात येतो आणि त्याच्या प्रेमामुळे ती हळूहळू बरी होते. मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, ‘छान आहे, पण खोटं वाटतं.’ प्रेमाने माणूस बरा होत नाही का? (नाशिक)

उत्तर: मैत्रिणीचं ऐका. प्रेमाने माणूस सुखावतो, सावरतो, कधी कधी त्या आधारावर दवाखान्याची पायरीही चढतो. पण मध्यम किंवा तीव्र डिप्रेशन कुणी प्रेमात पडलं म्हणून जात नाही. तुमच्या कथेत तो मुलगा औषध झाला आहे. मग अठराव्या प्रकरणात त्यांचं भांडण झालं की औषध संपलं, आणि एकविसाव्यात तो परत आला की औषध परत मिळालं. वाचकाला खोटं वाटतं ते हेच.

याचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो आजारी वाचकाला. ज्याला कुणी भेटलेलं नाही तो म्हणतो, ‘मला कुणी नाही, म्हणून मी असा.’ जिला कुणी भेटलंय ती म्हणते, ‘तो एवढं करतोय तरी मी अशीच, म्हणजे माझंच प्रेम कमी पडतंय.’ दुसरं जास्त वाईट, कारण नसता अपराधभाव हे या आजाराचंच एक लक्षण आहे. कादंबरीने त्यात भर घालायला नको.

मग त्या मुलाने करायचं काय? इथे उपचारातलीच एक गोष्ट कामी येईल. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र डिप्रेशनसाठी एक छोटा कार्यक्रम राबवला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मानसोपचारतज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक सहा ते आठ भेटी घेत. तत्त्व साधं: इच्छा होण्याची वाट बघायची नाही, आधी एक लहानशी कृती करायची, इच्छा मागून येते. आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘मूड ठीक कर ना, मस्त फिरायला जाऊ’ यात मृण्मयीने आधी बरं व्हायचं आणि मग फिरायचं. ‘खाली उभा आहे. कटिंग पिऊ, दहा मिनिटांत तू परत वर’ यात तिने फक्त चपला घालायच्या आहेत. पहिल्या दोन वेळा ती येईल. तिसऱ्यांदा येणार नाही. तो वीस मिनिटं थांबेल, दोन्ही कटिंगचे पैसे देईल आणि चिडून निघून जाईल. ते प्रकरण नीट लिहा, कादंबरीचा कणा तिथे आहे.

त्याला चिडू द्या. त्याला स्वतःचंही काही असू द्या: एटीकेटी, घरातलं भांडण, दुसरीकडे जमू पाहणारी मैत्री. अशा कादंबऱ्यांतले मुलगे फार समजूतदार असतात आणि त्यामुळे फार कंटाळवाणे असतात.

खर्डा झाल्यावर एक परीक्षा घ्या. प्रेमाचे सगळे प्रसंग बाजूला काढून उरलेलं वाचा. आजाराला स्वतःची चढउतार, स्वतःची वाट आहे का? मग उलटं करा, आजाराचे प्रसंग काढा. दोन माणसांची गोष्ट उरते का? दोन्ही एकेकटे उभे राहत असतील तरच त्यांना एकमेकांत गुंफण्यात अर्थ आहे.

प्रश्न: नायक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. तो रात्र रात्र रडतो, खिडकीतून पाऊस बघतो, कविता लिहितो. एका प्रकाशनाकडून ‘हा उदास आहे, आजारी नाही’ असा शेरा मारून हस्तलिखित परत आलं. फरक कसा दाखवायचा? (सोलापूर)

उत्तर: शेरा बरोबर आहे. आणि पाऊस आधी काढून टाका.

निदानाच्या ‘डीएसएम-5’ या पुस्तकात मोठ्या डिप्रेशनची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक हवंच. बाकीची बहुतेक शरीराची आहेत: झोप, भूक, थकवा, हालचाल मंदावणं किंवा जिवाची तगमग, एकाग्रता. शिवाय अपराधभाव आणि मरणाचे विचार. किशोरवयात उदासीच्या जागी नुसती चिडचिडही धरली जाते. तुमचा नायक वीसचा असला तरी हे ध्यानात ठेवा. पुष्कळ मुलगे रडत नाहीत, खेकसतात, आणि रूममेटला वाटतं याला माज आलाय.

रोज रात्री कविता लिहिणाऱ्याची एकाग्रता शाबूत आहे. या आजारात कविताच सगळ्यात आधी जाते. तो एकच ओळ तीनदा वाचतो आणि तरी ती डोक्यात जात नाही. मोठ्या माणसांत पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं जास्त दिसतं, तरुण मुलं उलट बारा-बारा तास झोपतात आणि उठल्यावरही दमलेली असतात. सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी जरा उतार, हेही अनेकांत आढळतं. म्हणून संध्याकाळी भेटणाऱ्या मैत्रिणीला तो ‘बरा’ वाटतो आणि सकाळी त्याला उठवणाऱ्या रूममेटला तो ‘गेलेला’ वाटतो. दोघांचं आपसांत भांडण लावून द्या, दोघंही खरं बोलत असतील.

प्रेमभंगाच्या दुःखापासून हे वेगळं काढायचं असेल तर आणखी एक खूण. दुःख लाटांसारखं येतं. मध्येच विनोदाला हसू येतं, तिचा मेसेज आला की जीव उसळतो. डिप्रेशनमध्ये मेसेज येतो, तो बघतो, आणि काहीच होत नाही. ते ‘काहीच न होणं’ लिहायला अवघड आहे, म्हणून लेखक त्याऐवजी अश्रू लिहितात.

तुमच्या हस्तलिखिताच्या वळणाचा एक उतारा घेऊ:

‘ओंकारच्या मनात काळोख दाटला होता. जगण्यातला अर्थच हरवला होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत तो.’

आता हाच ओंकार, पाऊस आणि काळोख वजा करून:

‘डबा तसाच परत आला. मेसच्या काकूंनी झाकण काढलं. पोळ्यांची घडी मोडलेली नव्हती, भाजीवर तेल साकळलं होतं. “आजपण?” त्या म्हणाल्या. ओंकारला उत्तर द्यायचं होतं. शब्द तोंडात येईपर्यंत काकू पुढच्या पोराचा डबा विसळायला लागल्या होत्या.’

भूक गेली आहे आणि उत्तर उशिरा येतंय, दोन लक्षणं झाली. ‘उदास’ हा शब्द कुठेच नाही. काकूंच्या ‘आजपण’मधून हे किती दिवस चाललंय तेही कळलं.

शब्दांबद्दल थोडं. वर्तमानपत्रं ‘नैराश्य’ लिहितात, जुन्या पुस्तकांत ‘औदासीन्य’ आणि ‘खिन्नता’ सापडतं, ‘अवसाद’ हिंदीतला. वीस वर्षांचा मुलगा यांतलं काहीच बोलत नाही. तो म्हणतो, ‘करमत नाहीये’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘नुसतं पडून राहावंसं वाटतं’. आई म्हणते, ‘आळस भरलाय अंगात’, आजी म्हणते, ‘दृष्ट लागली’. ‘डिप्रेशन’ हा शब्द पहिल्यांदा मित्राच्या तोंडून थट्टेत येऊ द्या: ‘मॅच हरलो राव, डिप्रेशन आलंय.’ पुढे डॉक्टर तोच शब्द उच्चारतील तेव्हा ओंकारला आणि वाचकाला तो मित्र आठवेल.

प्रश्न: उपचाराचा भाग किती दाखवावा? मी एका प्रकरणात डॉक्टर आणि पुढच्या प्रकरणात हसरी नायिका असं केलं आहे. फार तपशील दिला तर प्रेमकथा मागे पडेल, अशी भीती वाटते. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: उपचाराला जो वेळ लागतो त्यातच तुमची प्रेमकथा घडणार आहे. भिंतीवरची दिनदर्शिका काढून कॉलेजच्या वर्षावर आजार मांडा, म्हणजे दिसेल.

समजा, जुलैत कॉलेज सुरू झालं. ऑगस्टमध्ये तिची झोप आणि जेवण बिघडतं, गणपतीत ती घरी जायचं टाळते. सप्टेंबरमध्ये हजेरी घसरते. ऑक्टोबरच्या मध्यावर ती पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. पहिली भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. केसपेपर होतो. डॉक्टर झोप, भूक, अभ्यास, घरात कुणाला असा त्रास होता का, हे विचारतात. कसलेल्या डॉक्टरांचा एक प्रश्न लेखक हमखास विसरतात: ‘कधी याच्या उलट झालं होतं का? चार-पाच दिवस झोपच नको, बोलणं सुसाट, पैसे उधळले, असं?’ कारण तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी तो दुसऱ्या टोकाला उसळू शकतो. मग जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारतात. रक्ताच्या तपासण्या लिहून देतात, बहुधा थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी12, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो. यात सोफा नाही, टिकटिकणारं घड्याळ नाही, ‘तुझ्या बालपणाबद्दल सांग’ही नाही.

गोळी सुरू झाली. पुढचे दहा-पंधरा दिवस फायदा शून्य आणि त्रास नगद: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपेची खिचडी. हे दिवस ऐन दिवाळीत आणा. घरभर चकलीच्या तळणाचा वास आणि हिला उमासे येतायत, आई म्हणते ‘एवढं केलं तर तोंडही लावत नाही’. तिने गोळीबद्दल घरी सांगितलेलं नाही. बघा, किती गोष्टी आपोआप उभ्या राहिल्या.

दोन ते चार आठवड्यांत झोप-भूक जरा रुळावर येते. मनाला उभारी यायला बहुधा चार ते आठ आठवडे जातात. गंमत अशी की फरक तिच्या आधी इतरांना दिसतो. तिने केस धुतलेले त्याला दिसतात, ती मात्र ‘काही उपयोग नाही या गोळ्यांचा’ म्हणत असते. पंचवीसच्या आतल्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी तसा ठळक इशारा घालायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. म्हणून डॉक्टर या काळात लवकर लवकर बोलावतात. तुमच्या नायिकेला एकदाच दवाखान्यात पाठवून विसरू नका.

आता तुमच्या कथेचा खरा पेच. डिसेंबरात ती बरी, जानेवारीत गॅदरिंग, त्यात दोघं एकमेकांना सांगतात. फेब्रुवारीत तिला वाटतं, ‘आता तो आहे, गोळी कशाला?’ आणि ती परस्पर बंद करते. बरं वाटू लागल्यानंतरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. एकदम थांबवली तर काही औषधांनी दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. ते निवळतं, आठवडे बरे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, आजार परत डोकं काढतो. त्या मुलाला वाटतं, माझ्यामुळे झालं. तिला वाटतं, तो असूनही झालं. तुमच्या शेवटच्या शंभर पानांचा ऐवज इथे आहे, आणि तो औषधाच्या वेळापत्रकातून आला आहे.

गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम मात्र छापू नका. वाचक चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये जाऊन तेच मागतात. वेळ सांगा, रंग सांगा, पट्टीतली किती उरली ते सांगा, तेवढं पुरतं.

हस्तलिखितांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या काही चुका. समुपदेशक गोळ्या लिहून देतात: नाही, गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहितात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याचे उपचार करतात. एका भेटीत सगळा उलगडा होतो: विचारांवर काम करणारा सीबीटी हा उपचार आठवड्याला एक, पाऊण तासाची भेट, अशा बारा ते सोळा भेटींचा असतो, शिवाय गृहपाठ मिळतो आणि तो ती करत नाही. डिप्रेशनची गोळी म्हणजे झोपेची गोळी: नाही. नायिकेला थेट येरवड्याला भरती केलं जातं: बहुतेकांचे उपचार बाह्यरुग्ण म्हणूनच होतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची नावं लोकांच्या तोंडी टोमणा म्हणून असतात. ‘हिला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य तिच्या काकाच्या तोंडी शोभेल, निवेदकाच्या नाही.

नायिकेचं वय ठरवताना कायदाही बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, अमलात आला 29 मे 2018 पासून. त्यात रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे. नायिका एकोणीसची असेल तर ‘डॉक्टरांनी बाबांना फोन करून सगळं सांगितलं’ हे सहसा बसणार नाही, जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. सतराची असेल तर पालकांना वगळून उपचार पुढे जाणार नाहीत. म्हणजे वयाच्या दोन वर्षांत घरातल्या गुपिताचं सगळं कथानक बदलतं. शिवाय अठराच्या खाली शारीरिक जवळीक आली की पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आला, तिथे संमतीला कायद्यात किंमत नाही. एफवाय-एसवायचं वय घ्या, पुष्कळ कटकटी टळतील.

प्रश्न: माझ्या कादंबरीचा शेवट नायकाच्या आत्महत्येने होतो. तोच शेवट वाचकाला हलवून सोडेल, असं मला वाटतं. यावर बंधनं घालणं म्हणजे लेखकाच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का? (कोल्हापूर)

उत्तर: बंधन कुणी घालत नाही. पण ‘हलवून सोडेल’ म्हणजे नेमकं कुणाला, हे आधी बघू. 1774 मध्ये जर्मनीत गटे या लेखकाची वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी आली. एकतर्फी प्रेमातून नायक जीव देतो. तरुणांनी त्याचा निळा कोट आणि पिवळं जाकीट उचललं. वाचून अनुकरण होतंय या भीतीने लायपझिग शहरात पुस्तकावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, 1974 मध्ये, डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि आत्महत्यांचे आकडे ताडून पाहिले आणि या अनुकरणाला वेर्थरचंच नाव दिलं. याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. 2010 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी दाखवलं की संकटातून माणूस मार्ग कसा काढतो हे सांगणाऱ्या मजकुराचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. त्याला त्यांनी मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातल्या पापागेनोचं नाव दिलं. तोही प्रेमापायी जीव द्यायला निघतो, तेवढ्यात तीन मुलं त्याला आठवण करून देतात की तुझ्याकडे घंटा आहेत, त्या वाजव. म्हणजे प्रसंग दोघांचाही तोच, पुढची पानं वेगळी.

शेवट तुमचाच राहू द्या, पण काही गोष्टी गाळा. पद्धत, साधन, जागा, प्रमाण यांतलं काहीही नको, सूचकही नको. चिठ्ठीचा मजकूर नको, चिठ्ठी फार गोड वाचली जाते. ‘तिने नाही म्हटलं म्हणून’ असं एकच कारण नको. एकाच कारणाने हे क्वचितच घडतं, आणि वाचकाला मात्र तेवढंच कारण लक्षात राहतं. मेल्यावर सगळ्यांना त्याची किंमत कळली, तिने रडत प्रेम कबूल केलं, हा भाग तर आधी खोडा. तिथे मरणाने काहीतरी मिळवून दिल्यासारखं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही याच धर्तीच्या आहेत आणि आपल्या प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये वृत्तपत्रांसाठी त्यांचाच आधार घेतला.

भाषेतही सापळे आहेत. ‘मृत्यूला कवटाळलं’, ‘जीवनयात्रा संपवली’ ही बातम्यांतली वाक्यं संयमी वाटतात, पण मरणाला मिठी आणि प्रवास बनवतात. ‘प्रयत्न यशस्वी झाला’ हे तर लिहूच नका. ‘त्याने जीव दिला’ एवढं साधं वाक्य चालतं.

तो वाचतो असं ठरवलंत तर नंतरचं रुग्णालय बरोबर दाखवा. तिथे एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद होते, पोलिस जबाब घ्यायला येतात. पण ‘शुद्धीवर आल्यावर अटक’ हा प्रसंग आता जुना झाला. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उतरलेलंच नाही.

मैत्रिणीने काय करायचं, हेही कादंबरीत बरोबर यायला हवं. ‘कुणाला सांगणार नाही, शपथ’ हे वचन अशा कथांत हमखास येतं आणि नायिका ते पाळते. तिला मोडू द्या. सरळ विचारल्याने डोक्यात नवा विचार घुसतो, ही समजूत चुकीची आहे. ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’ असं तिने सरळ विचारावं, उत्तर शांतपणे ऐकावं, त्याला एकटं सोडू नये आणि त्याच रात्री एका मोठ्या माणसाला उठवावं. तो चिडेल, तिला ब्लॉक करेल. पुढच्या प्रकरणाची सोय झाली.

प्रश्न: मुलगी चौदाची. अशी एक कादंबरी मैत्रिणींत फिरते आहे, ती तिने आणली. काढून घ्यावी का? (मडगाव)

उत्तर: काढून घेतलीत तर ती फोनवर वाचेल, एवढाच फरक. आधी तुम्ही वाचा, दोन संध्याकाळी पुरतात. शेवटची तीस पानं आणि मरणाचा उल्लेख असलेली पानं लक्ष देऊन बघा. वरच्या उत्तरातल्या गाळायच्या गोष्टी त्यात जशाच्या तशा असतील तर ‘थोडं थांब, एकत्र वाचू’ म्हणता येईल. तशा नसतील तर वाचू द्या आणि मग पात्रांबद्दल बोला, तिच्याबद्दल नको. ‘त्या मुलीच्या आईने काय करायला हवं होतं गं?’ या प्रश्नाला चौदाव्या वर्षी फार मोकळं उत्तर मिळतं.

पुस्तकाने डिप्रेशन येत नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण, मैत्रिणी, आवडीचा खेळ यांत बदल दिसत असेल तर ‘वाचून डोकं बिघडलं’ म्हणून थांबू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पुस्तकातला एखादा उतारा ‘हे माझंच आहे’ म्हणून तिने दाखवला, तर उताऱ्याच्या भाषेची चौकशी करत बसू नका.

बाकीचे काही, झटपट:

पृष्ठसंख्या? पहिल्या कादंबरीला 40 ते 50 हजार शब्द पुरे. डेमी आकाराच्या पानावर साधारण 250 ते 300 शब्द बसतात, म्हणजे पावणेदोनशे पानांच्या आसपास. ‘पहिला भाग’ असं लिहून तीनशे पानं पाठवू नका.

व्हॉट्सॲपचे संवाद रोमन लिपीत ठेवावेत का? नकोत. दोन पानांनंतर डोळे दुखतात. देवनागरीत लिहा, पण चॅटची चाल ठेवा: तुटकी वाक्यं, पूर्णविराम नाहीत, ‘हो’च्या जागी नुसता ‘ह’. वेळ लिहा, ती फार बोलते. पहाटे 3:40 ला ‘झोपलास?’ आणि दुपारी 2:15 ला ‘आत्ता उठलो’, एवढ्यात रात्र उभी राहते. डिलीट केलेला मेसेज दर प्रकरणात वापरू नका, एकदाच.

सिनेमाच्या गाण्याच्या ओळी छापता येतील का? परवानगीशिवाय नको. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. गाण्याचं नुसतं नाव घ्यायला हरकत नसते, आणि ‘त्याने तेच गाणं परत लावलं’ एवढ्याने भागतं.

टायपिंग? युनिकोडमध्ये करा. जुन्या फाँटमधला मजकूर बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, आणि ‘आत्महत्या’सारखा शब्द कसाही फुटून छापला जातो.

मदतीचा फोन नंबर पुस्तकात कुठे द्यावा? मलपृष्ठाच्या आत, एकटा, जाहिरातींच्या यादीत नाही. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. परदेशातले वाचक धरले असतील तर अमेरिकेसाठी 988 जोडा. आणि दर नव्या आवृत्तीआधी नंबर स्वतः लावून बघा.